बंद दाराआडचा गदारोळ

रात्रीचे दहा वाजले की महाराष्ट्रात गाणे हा गुन्हा ठरतो, अशी तक्रार कलावंतांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. केंद्र सरकारने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धक वाजविण्यास मनाई केली हे खरे. परंतु त्याच नियमांत प्रेक्षागृहे, समाजमंदिरे, मेजवानीची दालने अशा बंदिस्त जागांचा अपवादही नमूद केलेला आहे. म्हणजे गर्जना करू नका असे कायदा म्हणत नाही. चार भिंतींच्या आत करा, एवढेच तो म्हणतो. हे सांगणे रास्त आहे. दुसऱ्याच्या झोपेवर कोणाच्याही कलेचा हक्क पोहोचत नाही. मात्र ज्यांना भिंतींच्या आत जा असे सांगितले त्यांच्यासाठी भिंती आहेत कोठे, आणि त्यांच्या आत शिरण्याचे मोल कोणास परवडते, हा पुढचा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत फारसा कोणी विचारलेला नाही.

तो विचारण्याची पाळी एका अनपेक्षित मंडळींनी आणली आहे. मुंबईच्या एखाद्या भागात, शनिवारी रात्री, दोनशे माणसे दाटीवाटीने मावतील अशा दालनात 'एक्स्ट्रीम मेटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा कार्यक्रम भरतो. चार-पाच वादकसंच एकापाठोपाठ एक उभे राहतात. प्रत्येकाच्या वाट्यास अर्धा-पाऊण तास येतो आणि दोहोंच्या मधली दहा-पंधरा मिनिटे तारा जोडण्यात व सोडण्यात जातात. ढोलांचा संच बहुधा एकच असतो. तो सर्वांनी वाटून घ्यावयाचा. श्रोते काळ्या सदऱ्यांत येतात. सदऱ्यावर आवडत्या संचाचे नाव काटेरी झुडपासारख्या अक्षरांत छापलेले असते आणि ते वाचता येऊ नये हीच त्या अक्षरांची खुबी मानली जाते. वादन सुरू झाले की ढोलवादक दोन्ही पायांनी दोन पायटे इतक्या वेगाने हाणतो की ठोका वेगळा ऐकू न येता नुसता थरकाप जाणवतो. गायक गात नाही. घशाच्या तळातून गुरगुरतो. मंचासमोर तरुणांचे एक रिंगण तयार होते, त्यात ते धावतात, एकमेकांवर आदळतात. परक्याला वाटावे की दंगल पेटली. पण कोणी पडला तर आजूबाजूचे तीन-चार हात तत्काळ खाली जातात आणि त्याला उभा करतात. हा तिथला अलिखित पण कडक नियम आहे. कार्यक्रम संपताच हीच मंडळी शेवटची लोकल गाठण्यासाठी स्थानकाकडे धावतात. कान दुसऱ्या दिवसापर्यंत वाजत राहतात.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला हा प्रकार सातासमुद्रापलीकडचा वाटेल. तुळजापूरच्या परिसरात वाढलेल्या माणसाने तसे मानण्याचे वस्तुतः कारण नाही. कदमराई गोंधळ्यांच्या संबळाची जोडी ज्याने रात्री अंगणात बसून ऐकली आहे, दिवटीच्या उजेडात झांज आणि तुणतुणे यांच्या जोडीने तिचा कडकडाट चढत गेलेला ज्याने अनुभवला आहे, आराध्यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा आणि पोतराजाचा आसूड लहानपणी ज्याने धास्तावून पाहिला आहे, त्याला भयाचे आणि भक्तीचे नाते कोणी समजावून सांगावे लागत नाही. रात्रभर चालणारे, अंगात भिनणारे, ऐकण्यापेक्षा सोसण्याचे संगीत या मातीला ठाऊक आहे. फरक आहे तो विजेचा, आणि अर्थात श्रद्धेचा. गोंधळात देवतांना नावे घेऊन बोलावले जाते. त्या दालनात कोणालाच बोलावले जात नाही. हा फरक लहान नव्हे. तरीही पुण्यास किंवा मुंबईस शिकावयास गेलेला कळंबचा किंवा उमरग्याचा एखादा मुलगा त्या रिंगणात सापडला, तर त्याने आपल्या गावाकडे पूर्ण पाठ फिरवली असे समजण्याची घाई करू नये.

या संगीताचा उगम कारखान्यात आहे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी रुचावी. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या पोलादी शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा गिटारवादक. म्हणजे तारा दाबण्याचीच बोटे गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनविल्या, पुढे तारा सैल लावून वाजविण्यास आरंभ केला, आणि त्या सैल तारांतून एक जड, खर्जातला, धातूसारखा नाद निघाला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७० मध्ये आली. पुढच्या दीड दशकात हे संगीत अधिकाधिक वेगवान व कर्कश होत गेले. अमेरिकेतील फ्लॉरिडात 'डेथ मेटल' वाढले. बर्मिंगहॅमजवळच्याच 'नेपाम डेथ'ने सेकंदाहून किंचित अधिक लांबीचे एक गीत मुद्रित केले व सर्वांत आखूड गीत म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. गिरण्या-कारखाने बंद पडत चाललेल्या शहरांतील तरुणांनी यंत्राचाच आवाज यंत्रावर उलटवला, असे या इतिहासाचे एक वाचन करता येते. ते पुरेसे नाही, पण चुकीचेही नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही डावलता येत नाही. या संगीतातील शब्द कत्तल, प्रेते, नरक यांनी भरलेले असतात. नॉर्वेत १९९२ च्या सुमारास 'ब्लॅक मेटल' पंथातील काही तरुणांनी प्राचीन लाकडी चर्चे जाळली आणि खुनापर्यंत मजल गेली. हे गुन्हेच होते, आणि त्यांस कलेचे पांघरूण घालणे अप्रामाणिकपणाचे आहे. पण एका देशातील एका टोळीच्या कृत्यावरून जगभरच्या श्रोत्यांची परीक्षा करणे हेही न्यायाचे नाही. आपल्याकडे तर या विषयाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने जे आठ रस मानले त्यांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तीन आहेत, आणि शृंगार-करुणांच्या पंक्तीस त्यांना मानाने बसविले आहे. भयानकाचा वर्ण भरताने कृष्ण सांगितला आहे. त्या दालनातील काळे सदरे घालणाऱ्यांना हे कोणी सांगितले तर त्यांना आनंदच होईल. मध्यमवर्गीय मराठी रसिकतेने शेवटच्या दोन रसांना मात्र घराबाहेर ठेवले. ते मागच्या दाराने येत आहेत.

येत आहेत असे म्हणणेही उशिराचेच. मुंबईत 'डिमॉनिक रिझरेक्शन' हा संच २००० साली, 'भयानक मौत' २००३ साली आणि 'गटस्लिट' २००७ साली उभा राहिला. 'डिमॉनिक रिझरेक्शन'ने २०१७ मध्ये 'दशावतार' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचे एकेक गीत. या संचाचा प्रमुख साहिल माखिजा दुसरीकडे पाककृतींचा लोकप्रिय कार्यक्रमही चालवितो, ही बाब या मंडळींच्या राक्षसी प्रतिमेस जरा बाधक आहे. 'गटस्लिट'चा पगडीधारी वादक गुरदीपसिंग नारंग युरोपातील मंचांवर आपल्या संचासह वारंवार वाजवून आला आहे. ही सगळी कमाई सरकारी अनुदानावाचून, चित्रपटांवाचून आणि आकाशवाणीवाचून झाली. सगळेच वाजविणे उत्तम असते असे मात्र नाही. पाच संचांपैकी दोन नुसते वेगाला कला समजतात, एक दुसऱ्या कोणाची नक्कल करतो. ऐकण्यासारखे असे एखाद-दुसरेच असते. पण हे प्रमाण नवशिक्यांच्या नाट्यस्पर्धेतही फारसे निराळे नसते.

आता भिंतींचा प्रश्न. धोबीतलावाजवळ सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून रंगभवन नावाचे खुले नाट्यगृह होते. १९७८ साली पहिली 'जॅझ यात्रा' येथेच झाली. सॉनी रोलिन्ससारखा वादक येथे वाजवून गेला. १९८६ पासून ऑगस्ट महिन्यात, स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, 'इंडिपेंडन्स रॉक' हा महाविद्यालयीन तरुणांचा मेळा येथेच भरू लागला. देशभरचे संच तेथे वाजविण्यासाठी धडपडत. जवळच रुग्णालये होती, महाविद्यालय होते. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र, असे नव्या नियमांनी ठरविले आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत रंगभवन संगीताला बंद झाले. रुग्णाच्या बाजूने विचार केला तर त्यात अन्याय काहीच नव्हता. अन्याय पुढे झाला. एक सार्वजनिक जागा गेली, पण तिच्या मोबदल्यात आवाज कोंडून ठेवणारी दुसरी सार्वजनिक जागा आली नाही. 'इंडिपेंडन्स रॉक' जागा बदलत राहिले, काही वर्षे खंडले, २०२२ मध्ये पुन्हा भरले. लहान संचांना मात्र मद्यालयांखेरीज आसरा उरला नाही.

येथे अर्थव्यवहार समजून घ्यावा लागतो. मद्यालयाचा मालक संगीत विकत नाही. तो संगीताच्या आधाराने पेये विकतो. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस ही वयोमर्यादा असल्याने अशा अनेक ठिकाणी एकविसाच्या आतील मुलांना दारातच थांबविले जाते. म्हणजे जे संगीत मुख्यतः सतरा ते एकवीस या वयात जडते, त्याच वयाला ते ऐकावयास मनाई. जो आत शिरतो त्याच्याकडून खिसा सैल करण्याची अपेक्षा. काळ्या सदऱ्यातील विद्यार्थी एक पेला घेऊन तीन तास उभा राहतो, हे मालकाच्या दृष्टीने नुकसानच. तेव्हा मालक हळूहळू मेटलच्या रात्री कमी करतो आणि नाचाच्या रात्री वाढवितो. जागांचे भाडे चढले की तेही संपते. लोअर परळच्या गिरणी आवारात २००७ साली सुरू झालेले 'ब्लू फ्रॉग' हे नामांकित संगीतगृह २०१६ मध्ये बंद झाले. आणि जेथे दाटीवाटीने मद्यालये उभी राहिली त्या कमला मिल आवारात २०१७ च्या डिसेंबरात आग लागून चौदा जीव गेले. बंदिस्त जागा म्हणजे सुरक्षित जागा नव्हे, हे त्या रात्री कळले.

समजा, दोनशे माणसांचे दालन पूर्ण भरले आणि तिकीट चारशे रुपये ठेवले. गल्ला ऐंशी हजारांचा. त्यातून भाडे, ध्वनियंत्रणा, ती हाताळणारा तंत्रज्ञ, परवाने, जाहिरात यांचे पन्नास हजार वजा केले तर तीस हजार उरतात. पाच संच, प्रत्येकी पाच वादक. माणशी बाराशे रुपये. त्यात पुण्याहून येणाऱ्याचा प्रवास, तारा, तालमीच्या खोलीचे भाडे. हिशेब कल्पित आहे, पण दालन अर्धे भरलेल्या रात्री तो याहून वाईट होतो हे सांगण्यास गणित नको. म्हणूनच दाराशी एक टेबल मांडलेले असते व तेथे संचाचे नाव छापलेले सदरे विकले जातात. गिटारवादक वाजवून उतरतो आणि घाम पुसत सदऱ्यांची मापे विचारू लागतो. संगीत हे त्या सदऱ्याची जाहिरात बनते.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली या दुखण्याचे निदान केले होते. कारखान्यात यंत्र सुधारले की तासाचे उत्पादन वाढते आणि वेतनही वाढविता येते. परंतु चौघांनी वाजवावयाची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे व जितका वेळ घेत होती तितकाच आजही घेते. बाहेरची वेतने व भाडी वाढतात, त्यांच्याबरोबर कलेचा खर्चही वाढतो, उत्पादकता मात्र जागच्या जागी. मेटलचा ढोलवादक मिनिटाला दोनशेहून अधिक ठोके देतो म्हणून त्याची उत्पादकता वाढली असे अर्थशास्त्र मानत नाही. गोंधळ्याचेही तेच आहे. आख्यान घाईने संपविले तर तो गोंधळ राहत नाही. या दोघांनाही बाजार आपोआप पोसणार नाही. कोणीतरी यजमान लागतो. गोंधळ्याला तो घरोघर होता. मेटलवाल्याला तो मद्यविक्रेत्याच्या रूपाने भेटला.

फेब्रुवारी २००८ मध्ये 'आयर्न मेडन'ने आपला जागतिक दौरा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला होता. तसल्या महाकाय मेळाव्यांची चिंता येथे करण्याचे कारण नाही. त्यांना प्रायोजक असतात, मैदाने मिळतात, परवाने मिळतात. प्रश्न दोनशे माणसांच्या रात्रीचा आहे. आणि तो फक्त मुंबईचा नाही.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात बंदिस्त सभागृहाचा प्रश्न उलट बाजूने समोर येतो. येथे आवाज भिंतींत मावत नाही असे नव्हे. तो भिंतींत जातच नाही. तो मालमोटारीवर चढतो. वरात असो, मिरवणूक असो, डॉल्बीच्या भिंती रचलेले वाहन गल्लीतून सरकते तेव्हा खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि हृदयविकाराचा रुग्ण असलेल्या घराने दारे लावून बसावे लागते. निवासी भागात नियमाने ठरविलेली मर्यादा दिवसा पंचावन्न व रात्री पंचेचाळीस डेसिबलची आहे. त्या मर्यादेची बूज या वाहनाने राखल्याचे कोणी पाहिले नसेल. सण-उत्सवांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे, तो वापरलाही जातो. त्या सवलतीत राहुटी ठोकून रात्रभर खेळ करणाऱ्या तमाशाच्या फडाला फारसे काही मिळत नाही, कारण त्याचा हंगाम पंधरा दिवसांचा नसतो. दहाच्या ठोक्याला वगाच्या मध्यावर पडदा पाडण्याची पाळी आलेला फडमालक आणि दालन न मिळालेला मेटलवादक, ही दोघे एकाच नियमाची व एकाच उणिवेची बळी आहेत. एकमेकांचे नावही त्यांनी ऐकलेले नसेल.

२०१७ मध्ये या शहरात अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन झाले आणि २०२० च्या जानेवारीत साहित्य संमेलन. दोन्ही वेळा गाव फुलून आले, मंडप उभे राहिले, भाषणे झाली, मंडप उतरले. मंडपावर होणारा खर्च टिकत नाही हे त्या संमेलनांचे वैगुण्य नव्हे. मंडपातून जे उभे राहावयाचे ते मागाहून इतरांनी उभारावयाचे असते. मंगल कार्यालये गावोगाव झाली आहेत. परंतु पत्र्याचे छप्पर आणि उघड्या बाजू असलेली वास्तू आवाज अडवीत नाही, उलट तो घुमविते. निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून ज्याचे नाव आले त्या जिल्ह्याने आधी पाणी पाहावे की ध्वनिरोधक सभागृह, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. पण वीस वर्षांचा मुलगा पाणी आणि रोजगार यांच्यासाठीच पुण्याची गाडी पकडतो असे नाही. शनिवारच्या रात्री करण्यासारखे काहीतरी असावे, हेही त्याच्या मनात असते.

जर्मनीच्या उत्तरेकडील वाकन या शेतकरी गावाची वस्ती सुमारे दोन हजारांची. लोहारा तालुक्यातील एखाद्या खेड्याएवढी. तेथे १९९० साली स्थानिक तरुणांनी काही संचांना बोलावून मेटलचा कार्यक्रम केला. काही शे माणसे आली. आज तेथे दर उन्हाळ्यात ऐंशी हजारांवर श्रोते जमतात आणि गावकरी त्यांना न्याहारी विकतात. 'डिमॉनिक रिझरेक्शन' २०१४ साली तेथे वाजवून आले. हा मेळा उघड्या माळावर भरतो, तेव्हा त्याचा दाखला भिंतींसाठी देता येणार नाही. गावाने काळ्या सदऱ्यांकडे पाहुणे म्हणून पाहिले, एवढ्यासाठी तो देता येतो. भिंतींचा दाखला स्वीडनचा. तेथे नगरपालिकांच्या संगीतशाळा आणि सरकारी अनुदानावर चालणारी अभ्यासमंडळे तरुणांना तालमीच्या खोल्या व वाद्ये पुरवीत आली. स्टॉकहोम व गोथेनबर्ग येथील डेथ मेटल जगभर गेले त्यात या कंटाळवाण्या सरकारी खोल्यांचा वाटा मोठा आहे.

धाराशिवला जे करता येण्याजोगे आहे ते याहून कितीतरी लहान आहे. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किंवा नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातून एक अस्तित्वात असलेली पक्की वास्तू घेऊन तिच्या भिंतींना व छताला ध्वनिशोषक अस्तर देणे, दुहेरी दारे बसविणे, आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या दोन वाटा मोकळ्या ठेवणे. भाडे ठरलेले आणि फलकावर लिहिलेले असावे. गोंधळी, भजनी मंडळ, शाहीर, वाद्यवृंद, गिटारवाले सर्वांना एकच. मद्य नाही, म्हणून वयाची अटही नाही. तिकीट पाचशे रुपयांपर्यंत ठेवल्यास संगीताच्या कार्यक्रमाला वस्तू व सेवा करातून २०१८ मध्ये दिलेल्या सूटीचा लाभही घेता येतो. इमारतीच्या हद्दीवर आवाज मोजण्याचे यंत्र टांगलेले असावे आणि त्यावरील आकडा रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता यावा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसरातील आवाजमानापेक्षा दहा डेसिबल अधिक किंवा पंचाहत्तर, यांपैकी जे कमी ती मर्यादा, असे नियम सांगतो.

आतल्यांच्या कानांचेही पाहावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीतस्थळांसाठी जी मानके प्रसिद्ध केली त्यांत सरासरी शंभर डेसिबल ही वरची मर्यादा धरली आहे. श्रोत्यांना कानात घालावयाचे बोळे उपलब्ध असावेत व विसाव्यासाठी शांत खोली असावी, असेही सुचविले आहे. बहिरेपणा हळूहळू येतो आणि परत जात नाही. काळ्या सदऱ्यातील मुलाला हे सांगितले तर तो हसेल. बोळे तिकिटाबरोबरच हातात दिले, तर निम्मे तरी जण कानात घालतील.